तारखेवार प्रार्थना

वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक मनन, असं पुस्तक लिहिणं म्हणजे काय असतं ते ज्यानं लिहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. वर एक वचन, खाली दीडदोनशे शब्द, शेवटी दोन-चार ओळींची प्रार्थना. वाचणारा सकाळी चहाच्या आधी दोन मिनिटांत वाचून मोकळा होतो. लिहिणारा मात्र भर उन्हाळ्यात नाताळ लिहीत बसलेला असतो आणि नाताळात उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. पुस्तक छापून, बांधून, वर्ष सुरू व्हायच्या आत गावोगावच्या चर्चच्या मंडळ्यांत पोचलं पाहिजे, म्हणून सगळं आधी. बावीस वर्षांत मी अशी सहा पुस्तकं हाती घेतली, तीन-चार वर्षांनी एकदा माझी पाळी यायची. दमलो सहाव्यात असं लोकांना सांगतो, पण खरं म्हणजे चौथ्यातच दमलो होतो. संपादकांचा फोन आला की त्यांनी आमच्या ख्रिस्ती रिवाजाचा "सलाम" म्हणायच्या आतच माझ्या तोंडून "हो" निघून जायचं.

आम्ही मूळचे नगरकडचे. रेल्वेच्या कचेरीत बदली होऊन चेन्नईला आलो आणि परत जायचं म्हणता म्हणता निवृत्तही इथेच झालो. मुलगी इथेच शिकली, लग्न होऊन बंगळूरला गेली. आता मैलापूरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. माझं तमिळ अजून रिक्षावाल्याच्या पुढे गेलेलं नाही. बायकोचं मात्र असं की मासेवालीशी ती तमिळमध्ये भांडते आणि तमिळमध्येच समेट करते. मराठी ख्रिस्ती घरं इथे बोटांवर मोजण्याइतकी. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी एका तमिळ चर्चच्या मागच्या खोलीत आमची मराठी उपासना होते. पाळक कधी असतात, कधी नसतात. नसले की प्रार्थना मी करायची हे ठरलेलं. "तुम्हीच करा, तुमची प्रार्थना ऐकली की बरं वाटतं," असं लोक म्हणायचे. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मी लिहितो हातानं. जॉर्ज टाउनातल्या घाऊक दुकानातून कागदाचे गठ्ठे आणायचे आणि पहाटे उठून बसायचं. टाइप करायची बायको. ती शाळेत शिक्षिका होती, देवनागरी टायपिंग माझ्यापायी शिकली. मुद्रितंही तीच तपासायची. मननांना आमच्यात नावं नव्हती, तारखा होत्या. स्वयंपाकघरातून तिची हाक यायची, "अहो, सात मेमध्ये 'कृपा' पाच वेळा आलीय. देवसुद्धा कंटाळेल." मी चिडायचो, मग गुपचूप दोन काढून टाकायचो. तिच्याइतकं माझं लिखाण कुणीच वाचलेलं नाही, मीसुद्धा नाही.

सहाव्या पुस्तकाचा ऑगस्ट चालू होता तेव्हाची गोष्ट. पदराला हात पुसत ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "काखेशी गाठ लागतेय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तपासून घ्या. शुक्रवारी याल का बरोबर?"

मी मान वर न करता म्हणालो, "एवढा ऑगस्ट हातावेगळा होऊ दे."

हेच म्हणालो. नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं, काहीतरी जरा बरं बोललो असेन म्हणून. नाही बोललो. त्या शुक्रवारी मी काय लिहीत होतो तेही मला पक्कं आठवतं. आजाऱ्याच्या समाचाराला जाण्याविषयी लिहीत होतो, आणि चांगलं जमलं होतं.

तिच्याबरोबर समोरच्या मामी गेल्या. त्यांचं घराणं तंजावरचं, मराठी बोलणारं, कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. त्यांची मराठी जुन्या वळणाची, चाल तमिळची. निम्मं आम्हाला कळतं, उरलेलं त्या हातवाऱ्यांनी कळवतात. दारातलं बोलणं मला टेबलापाशी ऐकू येत होतं. "अय्यो, एकटी कशाला? परवाइल्लै, काही बिघडत नाही, मी येते," मामी म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "ते कुठे?"

"लिहिताहेत," बायको म्हणाली. "देवाचं काम आहे त्यांचं."

टोमणा असता तर मी उठलो असतो. टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि ते तिला वाटायला लावण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली होती. देवाचं काम म्हटलं की घरात सगळं अडतं आणि कुणाला काही बोलता येत नाही. ही सोय मी भरपूर वापरली. मुलीच्या शाळेचे कार्यक्रम, सासऱ्यांचं आजारपण, कुठे कुठे वापरली त्याची आता यादी करत नाही.

तपासणी झाली आणि ऑपरेशन ठरलं. त्या दिवशी मी गेलो, एवढं तरी केलं. तिला हिरवा गाऊन घालून स्ट्रेचरवर झोपवलं होतं. मंगळसूत्र काढून तिनं माझ्या हातात दिलं, ते मी रुमालात बांधून खिशात ठेवलं. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी स्ट्रेचर थांबलं तेव्हा ती म्हणाली, "प्रार्थना करा ना."

मी केली. आवाज आपोआप त्या पट्टीत गेला, रविवारच्या. एकेक वाक्य अलगद दुसऱ्याचा हात धरून येत होतं. तमिळ नर्स कळत नसतानाही हात जोडून उभी राहिली. पलीकडच्या पेशंटच्या नातेवाइकांनी "आमेन" म्हटलं. मला वाटलं, चांगली झाली. डोळे उघडले तर बायको माझ्याकडेच बघत होती, तिनं डोळे मिटलेलेच नव्हते.

"एकोणीस ऑगस्ट," ती म्हणाली.

"काय?"

"ही एकोणीस ऑगस्टची आहे. शब्दन् शब्द. मीच टाइप केलीय."

रागावली नव्हती. थोडी हसलीसुद्धा, प्रूफमधली चूक सापडल्यावर हसते तशी. मग नर्सनं स्ट्रेचर आत ढकललं आणि दार लागलं.

बाहेरच्या बाकावर तीन-साडेतीन तास बसलो होतो. मनात म्हटलं, आता तरी नीट प्रार्थना करू. 'हे दयाळू पित्या' म्हणून सुरुवात केली की पुढची ओळ तयारच असे, आणि ती कुठल्या पानावरची आहे तेही आठवे. दुसऱ्या बाजूनं सुरुवात करून पाहिली, तिथेही मी आधीच जाऊन आलो होतो. माझी बायको आत चिरली जात होती आणि माझ्याकडे तिच्यासाठी स्वतःचं असं एक वाक्य नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं माझी आई आमच्या गावच्या एका प्रचारकाबद्दल म्हणायची. मला लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली, आणि ती कुणाला सांगायची तेही कळेना.

गाठ कॅन्सरची निघाली. लवकर सापडली म्हणाले, पण केमो घ्यावी लागेल. मी संपादकांना फोन करून सांगितलं की पुस्तकातले सप्टेंबरपासूनचे चार महिने माझ्याच्यानं व्हायचे नाहीत. ते गयावया करतील, पुस्तक अडेल, निदान हळहळतील अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, "मुळीच काळजी करू नका. नागपूरच्या एक भगिनी आहेत, त्या पटापट लिहितात. तुम्ही वहिनींना सांभाळा." दोन मिनिटांत फोन संपला. बावीस वर्षं ज्याच्यासाठी घर टांगून ठेवलं ते माझ्यावाचून दोन मिनिटंसुद्धा अडलं नाही. पुढच्या वर्षी पुस्तक आलं, तेव्हा आमच्या उपासनेतल्या एका गृहस्थांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, "यंदाचा शेवट शेवटचा भाग फार भिडला हो." बायकोला हे सांगितलं तर ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले.

पण ते नंतरचं. त्याआधी, तिसरी केमो झाली त्या आठवड्यातली एक दुपार सांगायची आहे. तिचे केस गेले होते. मामींनी पाठवलेला रसमभात तिनं दोन घास खाऊन बाजूला सारला होता आणि भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी खुर्ची ओढून जवळ बसलो. म्हणालो, "प्रार्थना करू का?"

"कुठली?" ती म्हणाली.

मी उठून पंखा कमी केला आणि परत बसलो. मग, बाकी काही सुचेना म्हणून, मी तिला विचारलं, "तुला भीती कशाची वाटते गं?"

लग्नाला तीस वर्षं उलटून गेली होती. भीती या विषयावर मी पानंच्या पानं लिहिली होती, आणि हा प्रश्न तिला पहिल्यांदा विचारत होतो. ती भिंतीकडेच बघत म्हणाली, "मरायची तेवढी नाही. मला इथे पुरतील, त्याची वाटते."

मी तिची चादर सारखी केली.

"आईच्या शेजारी जागा आहे गावाला. दादाला मी मागेच सांगून ठेवलंय."

"मला नाही सांगितलंस."

"तुम्ही लिहीत होतात."

मी म्हणालो, "पण तुला तर हे शहर आवडतं. तमिळ इतकं छान येतं तुला."

"येतं हो. जिवंतपणी बोलते ना. मेल्यावरही तमिळच ऐकायचं का?" असं म्हणून ती रडायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. रिपोर्ट आला तेव्हाही रडली नव्हती. मी वेड्यासारखा समजत होतो की या शहरात परका मी आहे, गावाची ओढ मला आहे, आणि ती इथे रुजून गेलीय. इतकी वर्षं माझी पानं टाइप करत ती माझ्या शेजारच्याच खोलीत बसली होती, आणि रोज सकाळी दोन मिनिटं काढून मी तिला काही विचारलं नव्हतं.

तेव्हा मी तिचा हात धरला आणि प्रार्थना केली. पट्टी सापडली नाही. एक वाक्य अर्ध्यात अडकलं ते पुरं झालंच नाही, मध्येच मला रडू आलं आणि नाक पुसायला रुमालही जवळ नव्हता. संपली तेव्हा ती डोळे मिटून होती. मग म्हणाली, "ही कुठे घालायची नाही हं."

आता ती बरी आहे. तपासण्या चालू असतात, आणि दर वेळी रिपोर्ट आणायला आम्ही दोघं बरोबर जातो. मी अजून लिहितो, थोडं. पहाटेचा पहिला चहा तिच्याबरोबर घेतो आणि मग बसतो. कधी कधी बसतही नाही. हा लेख लिहिताना तिला वाचून दाखवला. गाठीचं लिहा म्हणाली, एकोणीस ऑगस्टचं लिहा, लोकांना हसू दे. गावच्या जागेचंही लिहा म्हणाली, म्हणजे वेळ आली की कुणी विसरायला नको. त्या दुपारची प्रार्थना मी शेवटी घातली होती, आठवली तशी, अडकलेल्या वाक्यासकट. ते पान तिनं माझ्या हातातून काढून घेतलं.

"ही माझी आहे," ती म्हणाली.