जैतूनबीचा गाळा

मी जगदेवी, जळकोटच्या किराणावाल्याची बायको. तोंड लई फटकळ हाय माझं. पण त्या दिवशी आवरायचं तिथंच सुटलं.

जैतूनबी तीस वर्षं डोक्यावर टोपलं घेऊन बांगड्या भरत फिरली. आमच्या गल्लीत अशी एक सून न्हाई, जिचा हात तिनं धरला न्हाई. गुडघे गेले तवा तिनं बसस्टँडजवळ भाड्यानं गाळा घेतला. अल्पसंख्याकांच्या छोट्या धंद्याला सरकारची मदत मिळते, त्याचा अर्ज भरायला मीच मागं लागले होते. "कर बाई, कुठवर उन्हात मरतीस!" मदत आली तरच गाळा टिकणार होता. फक्त साहेब येऊन धंदा चालू हाय का बघणार होते. कधी येणार, ते कुणी सांगत न्हाई.

माझ्या शिवकन्याच्या लग्नाचा चुडा भरायला ती गाळ्याला कुलूप लावून आली. नवरीचा उजवा हात भरून झाला अन् फोन वाजला. शेजारचा चपलावाला म्हणला, साहेब आलेत, पळत ये.

तिनं माझ्याकडं बघितलं. "अक्का, जाको आऊं क्या? धाच मिनटं."

नवरीचा एक हात रिकामा ठेवून बांगडीवाली उठली, तर आमच्यात लई वाईट मानतात. समोर विहीणबाई बसलेल्या. मी म्हणलं, "काय गं जैतून, माझ्या दारात अपशकुन करतीस का? साहेब थांबतील की!"

साहेब थांबतात डोंबल! मला काय ठाऊक न्हवतं?

ती बसली. डावा हात भरला. मग मावश्या, काकवा, सगळ्यांनीच हात पुढं केले. तिनं कुणालाच न्हाई म्हणलं न्हाई.

साहेबांनी कुलपाचा फोटो काढला, 'व्यवसाय बंद' लिहिलं अन् गेले. मी लातूरच्या हापिसात दोनदा भांडून आले. "पुढच्या वर्षी अर्ज करा," म्हणे. तवर गाळा कोण ठेवतंय? तिथं आता मोबाईलची कव्हरं विकायलेत.

जैतूनबी परत दारोदार फिरती. मला तिच्यासमोर जायची लाज वाटती, म्हणून मी दुसऱ्या गल्लीनं जाते. परवा तिनंच मला पिठाच्या गिरणीपाशी गाठलं. आता शिव्या देईल, देऊ दे, माझंच चुकलंय, असं मनात म्हणत मी मान खाली घालून उभी राहिले.

धापा टाकतच तिनं विचारलं, "अक्का, पोरगी सासरी खूश हाय ना?"