पुस्तकात नसलेली गोष्ट

यातलं अक्षरही मी आजवर कुणापाशी काढलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही, ज्यांच्याबरोबर एका खोलीत राहिले त्या नर्सेसपाशीही नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल.

आखाती युद्धाच्या त्या हिवाळ्यात मी सौदीतल्या खोबरच्या एका हॉस्पिटलात, मुलांच्या वॉर्डात नर्स होते. युद्धाचं वारं लागलं तशी आमची इंग्रज मेट्रन मायदेशी गेली, आणि तिचं एक जाडजूड लाल पुस्तक आमच्या टेबलावर राहिलं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या लेखकांनी मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टी. मला वाचायची भारी हौस! पहिल्या निम्म्या गोष्टी पाद्र्यांच्या बायका-मुलींच्या — बिचारी गुणी पोरं आजारी पडायची, हूं की चूं न करता सोसायची आणि शेवटच्या पानावर देवाघरी जायची. मला त्या बायकांचा रागच यायचा. अगं, एखादं तरी पोर जगू द्या की! पुढच्या गोष्टी नंतरच्या लेखकांच्या, त्यातली पोरं उलट बोलायची, खोड्या करायची, आणि लेखक त्यांना रागवायचाही नाही. शबनमला त्याच हव्या असायच्या.

शबनम आठ वर्षांची. रत्नागिरीकडची माणसं, बाप कुवेतच्या सीमेवरच्या अल खफजीला तेलकंपनीत. गाव रिकामं करायला सांगितल्यावर आई दोन मुलांना घेऊन निघाली, बाप कामावर मागे राहिला. वाटेत गाडीला अपघात झाला आणि पोरीच्या मांडीचं हाड मोडलं. पायाला पट्ट्या घट्ट गुंडाळून, दोरीनं वजन टांगून तिला निजवलं होतं. आई तान्ह्याला घेऊन दुपारी तेवढी यायची. बाकीचा दिवस शबनम माझी. मी एक वाक्य इंग्रजीत वाचायची, मग मराठीत सांगायची, आणि थांबले की ती म्हणायची, ‘सिस्टर, देन? पुढे काय झाला?’

सायरन वाजला की बाकीची मुलं तळघरात न्यायची. वजन टांगलेल्या पोराला हलवता येत नसे. त्याच्यापाशी एकीनं थांबायचं, असा नियम होता. त्या संध्याकाळी पाळी माझी होती.

आणि मी थांबले नाही.

‘आलेच हं,’ म्हटलं आणि जीव मुठीत धरून पळाले. विषारी वायूसाठी दिलेला मास्क मी घातला होता. तिच्या मापाचा मास्कच नव्हता — तेव्हा ते माझ्या मनातही आलं नाही. जिन्याखालच्या चादरींच्या खोलीत कान दाबून बसले. कुठंतरी लांब मोठा आवाज झाला. आमच्याकडे काहीच पडलं नाही.

वर गेले तेव्हा तिनं अंथरूण ओलं केलं होतं. रडत नव्हती. म्हणाली, ‘तुमी कुठे गेलेल्या?’

‘इथेच तर होते,’ मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी इन्चार्ज सिस्टरनं, पोरीपाशी थांबले म्हणून, सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं. मी मान खाली घालून ऐकलं. डोक्यात एकच — दुपारी आई आली आणि पोर बोलली तर? नोकरी जाईल, तिथं राहायचा परवाना, इकामा, जाईल, घरी काय तोंड दाखवू?

पळाले ते भीतीनं. कुणीही पळालं असतं, नाही का? ते मी कधीच सांगून मोकळी झाले असते. त्यानंतर जे केलं, ते मी अगदी शांत डोक्यानं केलं.

मी लाल पुस्तक घेऊन तिच्याजवळ बसले आणि पुस्तकात नसलेली एक गोष्ट वाचली. डोळे पानावर ठेवले. मध्येमध्ये पान उलटलं. त्याच पाद्र्यांच्या बायकांसारखी गोष्ट रचली मी — एक शहाणी मुलगी असते. ती कुणाची चहाडी करत नाही. कुणी एकटं टाकून गेलं तरी सांगत नाही, दुखलं तरी ‘दुखतं’ म्हणत नाही. आणि ती अशी गप्प राहते म्हणून लढाईवर गेलेला तिचा बाप सुखरूप घरी येतो.

बापच का घातला मी गोष्टीत? दुसरं काहीही चाललं असतं. पण ती रोज आईला पहिला प्रश्न बापाचाच विचारायची, हे मला ठाऊक होतं.

‘हे खरंच लिवलंय?’ तिनं विचारलं.

‘हे काय, छापलंय,’ मी पानावर बोट ठेवलं. तिला इंग्रजी वाचता यायचं. तिनं वाचून पाहिलं नाही.

दुपारी आई आली. शबनमच्या तोंडाला कुलूप. आणि पुढच्या आठवड्यात बाप आला हो — धडधाकट, दाढी वाढलेला, खजुरांचा डबा घेऊन! मी पाणी द्यायला गेले तेव्हा पोर माझ्या कानात म्हणाली, ‘मी कोणाला नाय सांगितला, म्हणून पप्पा आले.’ मला काहीच वाटलं नाही. सुटले, एवढंच वाटलं.

आता पुढचं. पट्टीचा दाब गुडघ्याच्या बाजूच्या नसेवर पडला तर पाऊल निकामी होतं, हे नर्सिंगच्या पोरीला पहिल्या वर्षी शिकवतात. रोज पोराला पायाची बोटं वर उचलायला लावायची. पण माणसं कमी, सायरन चालूच. मी जाता जाता विचारायची, ‘काय गं, दुखतंय? मुंग्या येतायत?’ ती हसून म्हणायची, ‘नाय सिस्टर, काहीच नाय.’ आणि मी पुढं जायची. अहो, ती ‘नाही’च म्हणणार, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

डॉक्टरांनी एके सकाळी तिला बोटं हलवायला सांगितली. हलेनात. सुई टोचली, तरी तिला कळलं नाही. त्यांनी घाईघाईनं पट्टी सोडली. ‘बेटा, कबसे ऐसा है?’

शबनमनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘आजसे.’

डॉक्टर माझ्याकडे वळले. मी म्हटलं, ‘हो सर. काल ठीक होतं.’

ते पाऊल सुधारलं नाही. घरी जायच्या दिवशी ती कुबड्यांवर होती, पाऊल खाली लोंबत होतं. आई माझ्याजवळ आली. म्हणाली, ‘सायरनात सुदा तुमी माझ्या पोरीला सोडलात नाय.’ आणि माझे दोन्ही हात धरून तिनं आपल्या डोळ्यांना लावले. शबनम बाजूला उभी राहून बघत होती. मी हात मागे घेतले नाहीत.