पोट बघणारी नर्सबाई

आमची मुलगी पोशीरला सातव्या महिन्यातच जन्मली. अशी बाळं तेव्हा सहसा जगत नसत. नर्सबाई नेरळहून रोज चालत यायच्या, बाळाच्या पोटाला कान लावायच्या, लंगोट हुंगायच्या आणि बायकोचं दूध कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब पाजायच्या.

पाचव्या दिवशी बाळाचं पोट फुगलं. माझी आई मधाची वाटी घेऊन आली. नर्सबाईंनी ती हातातून घेतली आणि सगळा मध स्वतःच चाटून संपवला.

"मध चांगला हाय, आजी. पण हिच्या आतड्याला आईच्या दुधाबिगर काय पेलत नाय."

मग बाळाला बायकोच्या उराशी देऊन त्या संध्याकाळपर्यंत हलल्या नाहीत. शेवटी लंगोट पिवळा झाला आणि फुगलेलं पोट उतरलं. आई रडायला लागली.

"नाक तेवढं बापाचं हाय," नर्सबाई म्हणाल्या. "त्याला इलाज नाय."