जुनी मूस

किमयागार हे नाव त्याला गल्लीने चेष्टेने ठेवलं, आणि या भल्या माणसाने ते पदवीसारखं मिरवलं. सोनं शुद्ध करण्याच्या कारखान्यात तो एकतीस वर्षं मूस सांभाळायचा, म्हणजे धातू वितळवायचं जाड मातीचं भांडं. दिवसभर लोकांचं सोनं वितळवून घरी आला की मागच्या खोलीत स्वतःची भट्टी पेटवायचा. पाऱ्याचं सोनं करायचं, हा एकच ध्यास. कोळसा फोडायचा बायकोने, भाता ओढायचा बायकोने, भिंतींवरची काजळी खरवडायचीही तिनेच. बिचारीच्या नाकी नऊ आले होते, पण सांगणार कोणाला?

जेवताना तो जुन्या किमयागारांच्या गोष्टी सांगायचा. त्यांचं म्हणणं असं की सगळे धातू म्हणजे कच्चं सोनंच, जमिनीच्या पोटात सावकाश पिकणारं. माणसाने भट्टीत फक्त घाई करायची. कुणी धुराने आंधळा झाला, कुणाला राजाने सोनं होईपर्यंत कोंडून ठेवलं. एकदा तिने विचारलं, त्यांच्या बायकांचं काय झालं? ते पुस्तकात नाही, असं म्हणून त्याने भात मागून घेतला.

आता तो निवृत्त झाला होता. हात इतके थरथरायचे की सदऱ्याची बटणं तीच लावायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हा पारा आहे, आणखी धूर पोटात गेला तर माणूस हातचा जाईल. त्याने मान डोलावली, आणि संध्याकाळी पुन्हा कोळसा मागितला. तिने भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, शेवटी हात टेकले.

मागच्या आठवड्यात घरची मूस तडकली. नवी आणायला बाजार लांब, आणि तिचे गुडघे धड नव्हते. म्हणून तिने जवळच असलेल्या त्याच्या कारखान्याच्या ओळखीच्या पहारेकऱ्याकडून कोपऱ्यात पडलेली एक जुनी मूस मागून आणली. तिथल्या जुन्या मुशी पुढे कुटून त्यांतलं सोनं काढून घेतात, हे एवढी वर्षं त्याच्याशी संसार करून तिला माहीत असायला हवं होतं. दमलेल्या माणसाच्या लक्षात राहतं थोडंच!

दुसऱ्या दिवशी तळाशी मोहरीएवढा पिवळा मणी निघाला. त्याने तो उचलून तिच्या तळहातावर ठेवला. त्याच क्षणी तिला सगळं उमगलं. मुशीच्या मातीत मुरलेलं सोनं सुटलं होतं, दुसरं काही नाही. पण तिने तोंडाला कुलूप लावलं. झालं एकदाचं, आता तरी ही भट्टी विझेल, या आशेने ती हसली, अगदी मोकळेपणाने हसली. शेजारणीलाही तिने मणी दाखवला.

चार दिवस भट्टी थंड होती. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "कोळसा फोड. एकदा झालं ते खरं नव्हे, परत करून बघायला हवं."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. ती म्हणाली, "अहो, ती मूस कारखान्यातली होती. मीच आणली."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "हातात घेतली तेव्हाच वजनावरून कळलं. एकतीस वर्षं काय गवत उपटलं मी?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू हसलीस. किती वर्षांनी हसलीस. म्हणून आता खरं करून दाखवायचंय तुला."

"मी कधी मागितलं होतं सोनं?" तिचा आवाज चिरका झाला. "मला तुम्ही हवे आहात हो, धडधाकट."

तिने मोरीतून बादली भरून आणली आणि सगळं पाणी भट्टीत ओतलं. राख भिजून काळा चिखल झाला. जन्मात पहिल्यांदाच तिने त्याला विचारल्याशिवाय त्या भट्टीला हात लावला होता, आणि आता तो काय बोलतो म्हणून ती वाट बघत उभी राहिली.

"अजून एक बादली आण," तो हळूच म्हणाला. "तळापर्यंत भिजली की ती परत पेटत नाही."