फोर्ट्रानवाले दादा

"हे होणार नाही" असं कुणी म्हटलं की दादा हातातला चहाचा कप खाली ठेवायचे, खुर्ची पुढे ओढायचे आणि विचारायचे, "कुठं लिवलंय? दाखव." समोरचा गडबडायचा, कारण होणार नाही हे सहसा कुठे लिहिलेलं नसतंच. तुमच्याही कचेरीत असा एखादा हट्टी माणूस असेल. साहेबांच्या नावडत्यांत त्याचा नंबर बहुधा पहिला असतो.

आमची कचेरी अलिबागची, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर. काम भरती-ओहोटीची वेळापत्रकं करून देण्याचं. दिघीसारख्या खाडीत फेरीबोटीला कुठल्या वेळी किती पाणी मिळेल, हे सांगणारा प्रोग्राम दादांनी वर्षानुवर्षं खपून एकट्याने लिहिला होता, आणि तोही फोर्ट्रानमध्ये. ही संगणकाची फार जुनी भाषा. आकडेमोडीत आजही कुणाला हार जात नाही, पण आमच्या कचेरीत दादा सोडले तर ती कुणालाच येत नव्हती. मी वेबसाइटची माणूस, मला तर तिचं फक्त नाव माहीत होतं.

मग नवे साहेब आले. ते वाशीहून गाडीने येत आणि येताना काहीतरी नवं घेऊन येत. एकदा त्यांनी नवं बिल्ड टूल आणलं. प्रोग्रामच्या ढीगभर फाइलींपैकी एखादी बदलली की काय पुन्हा तयार करायचं, कुठल्या क्रमाने, हे टूल आपणच ठरवतं आणि सगळं जोडून देतं. त्याला सहा-सात भाषा येत होत्या. त्यांत फोर्ट्रान नव्हती. साहेबांनी फर्मान काढलं की टूलला जे येत नाही ते महिनाअखेर बंद.

"यार, एआयला सांगा ना," साहेब म्हणाले. "दोन दिवसांत दुसऱ्या भाषेत करून देईल."

"दील की. पन खाडीत गाळ कुठं बसतो, ते त्याला कोन सांगंल? आन त्यानं चुकीचं लिवलं त पकडंल कोन? भाषा न्हाय बदलायची. टूलला शिकवायची."

"टूल आपल्या हातात नाही, दादा."

"कुठं लिवलंय? दाखवा."

नव्हतंच लिहिलेलं. टूल सगळ्यांसाठी खुलं होतं, हवी ती भाषा त्याला कुणीही जोडावी. मला टूल थोडंफार कळत होतं, म्हणून मी दादांच्या शेजारी जाऊन बसले. पण आधी एक गोष्ट बोलून टाकली.

"दादा, हा प्रोग्राम आज फक्त तुम्हालाच जोडता येतो. म्हणून तुम्हाला कुणी हात लावत नाही. टूलला शिकवलंत तर तुमची गरज उरेल का?"

"म्हाईत हाय, बाय," ते म्हणाले. "मी उद्या मेलो त बोटवाल्यांनी पानी कुनाला इचारायचं?" आणि डबा उघडून त्यांनी सुकटीची चटणी माझ्या भाकरीवर वाढली.

दादांचं घराणं पेणकडच्या मिठागरातलं. फोर्ट्रानची एक फाइल दुसरीच्या तयार मालावर उभी असते, म्हणून क्रम चुकून चालत नाही. हे मला पुस्तकातून कळेना, तेव्हा त्यांनी कागदावर मिठागर काढलं. खाडीचं पाणी आधी मोठ्या तळ्यात तापतं, मग पुढच्यात दाट होतं, मग शेवटच्या वाफ्यात येतं. "शेवटच्यात थेट खाडीचं पानी घेतलं त मीठ धरत न्हाय. नुसता चिखल." मला एका दमात समजलं.

टूलला शिकवून झालं, तेव्हा दादांच्या लॅपटॉपवर सगळं सुरेख चाललं. त्यांनी साहेबांना बोलावलं, सगळ्यांसमोर कचेरीच्या कोऱ्या मशीनवर तेच लावलं, आणि पडद्यावर चुका दाखवणाऱ्या लाल ओळींचा पाऊस. साहेब हसले. मला त्या हसण्याचा अजून राग आहे.

दादांनी त्या ओळी एकेक करून वाचल्या. मग हळू आवाजात म्हणाले, "कालचं मीठ वाफ्यात पडलं होतं, आन मी समजलो आज पिकलं." त्यांच्या लॅपटॉपवर आधीच्या वेळचा तयार माल तसाच पडून होता. टूल तोच उचलत होतं, आणि कोऱ्या मशीनवर तो नव्हताच. क्रम त्याला आलेलाच नव्हता. मिठागरातल्या माणसाकडून ही चूक व्हावी, हे त्यांना फार लागलं.

"संपलं ना, दादा? हरली तुमची भाषा," साहेब म्हणाले.

"चूक मी केली. शिक्षा भाषेला न्हाय," दादा म्हणाले. "महिना संपायला चार दिस हायेत. तुमच्याच कागदावर लिवलंय."

त्या चार दिवसांत त्यांनी प्रत्येक चाचणीआधी सगळा जुना माल पुसून टाकला. आधी प्रत्येक फाइल वाचायची, कोण कुणावर उभं आहे ते बघायचं, मगच कामाला हात घालायचा, हे त्यांनी टूलच्या डोक्यात घातलं. शेवटच्या दिवशी कोऱ्या मशीनवर प्रोग्राम पहिल्या झटक्यात जोडला गेला. साहेब "गुड, गुड" म्हणाले आणि फोन कानाला लावून बाहेर गेले.

पुढच्या महिन्यात त्यांनी दादांचं कंत्राट वाढवलं नाही. मी भांडले, तावातावाने, आणि ऐकलं कुणी नाही. दादांनी निरोपाचा नारळसुद्धा घेतला नाही.

"मला काढलं, माझ्या लिवलेल्याला न्हाय," ते जिना उतरताना म्हणाले. "ते जमलं न्हाय त्यांना."

पावसाळ्यानंतर एका खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा सरकला. श्रीवर्धनहून नवी आलेली एक मुलगी आता ते काम बघते. तिने दादांना कधी पाहिलेलंही नाही. तिने प्रोग्राममधले दोन आकडे बदलले, बटण दाबलं, आणि खालून चहा यायच्या आत नवं वेळापत्रक तयार झालं. मी जिन्यात जाऊन दादांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"बराबर आलं?"

"आलं."

"कुनाला इचारावं लागलं न्हाय ना?"

"नाही, दादा."

"मंग फोन कशाला केलास, बाय?"

मी फोन कानाला धरूनच जिन्याच्या पायरीवर बसले. पलीकडून दादाही फोन ठेवत नव्हते.