चाकं आत घेताना

माझा धाकटा भाऊ नागापूरच्या एमआयडीसीत कामाला होता. एका सकाळी मशीनसमोर उभा असतानाच त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. त्याच्यासाठी मुली बघणं चाललं होतं. मागं राहिली त्याची जुनी विकत घेतलेली पांढरी हॅचबॅक. तिला त्यानं हौसेनं काळी, रुंद अलॉय चाकं बसवली होती. ती पत्र्याच्या बोटभर बाहेर यायची. गाडी धुतली की तो लांब जाऊन, मान तिरकी करून तिच्याकडं बघत राहायचा.

तो गेल्यावर सोनईच्या घरापुढं गाडी झाकून ठेवलेली होती. मग आईच्या किडन्या निकामी झाल्या. डायलिसिसला तिला नगरला न्यावं लागायचं आणि घरात गाडी चालवणारी मी एकटीच. शाळेत रजा टाकून मी ते झाकण काढलं.

परत येताना आई मागच्या सीटवर वडिलांच्या, आप्पांच्या, मांडीवर डोकं ठेवून आडवी व्हायची. गाडीची मागची बाजू खाली बसायची आणि खड्डा आला की चाक वरच्या पत्र्याला घासायचं. तो खर्रर्र आवाज आला की आई दचकायची, सुया टोचलेला हात छातीशी धरायची.

"त्याच्या गाडीला लागलं का गं?" ती विचारायची.

"न्हाई लागलं. पडून ऱ्हा," आप्पा म्हणायचे.

एकदा पांढरीपुलाच्या अलीकडं चाक खड्ड्यात जोरात आपटलं. उतरून पाहिलं तर रिमला तडा गेला होता. स्टेपनी लावून कसंबसं घर गाठलं. पुढच्या खेपेला आईला मशीनवर लावलं आणि मी आप्पांना घेऊन चाकांच्या दुकानात गेले.

"अशीच द्या," तडकलेलं चाक दाखवून आप्पा म्हणाले.

दुकानदार बघत राहिला. "काका, हे डिझाइन बंद झालं. एकच बदलून जमणार नाही, चारही बदलावी लागतील." त्यानं दोन नमुने समोर ठेवले. एक काळं, जवळजवळ भावाच्या चाकांसारखं. दुसरं साधं, चंदेरी.

मी घासण्याचं सांगितलं. त्यानं चाक उलटं करून हबला, म्हणजे गाडीच्या आसाच्या टोकाला, टेकणारी सपाट जागा दाखवली. "ताई, ही जागा चाकाच्या बरोबर मधोमध असली तर ऑफसेट शून्य. ती बाहेरच्या अंगाला जितकी सरकेल तितका आकडा वाढतो आणि चाक आत जातं. तुमच्या गाडीला कंपनीचा पंचेचाळीस आहे. ह्या काळ्याला पंचवीसच. म्हणून ते बाहेर येतं. ते चंदेरी कंपनीच्या मापाचं आहे."

"काळी बसवा," आप्पा म्हणाले.

"आप्पा, परत घासतील."

"पोराची गाडी हाय ती. तशीच दिसाया पायजे."

दुकानदारानंच मार्ग काढला. मागं दोन काळी चाकं चढवून बघू म्हणाला. आपल्या एका माणसाला त्यानं मागच्या सीटवर बसवलं, शेजारी आप्पा बसले आणि मी गाडी रस्त्यावर घेतली. पहिल्याच गतिरोधकावर खर्रर्र. पुढच्यावर पुन्हा. मी आरशात पाहिलं. आप्पांनी स्वतःच्या मांडीवर, जिथं आईचं डोकं असायचं तिथं, तळहात ठेवला होता.

दुकानात आल्यावर ते खाली उतरले. "तिची मान हालती दरवेळी," ते म्हणाले. "ती चंदेरी घाला."

भावाची चाकं आता मोकळी पडली होती. दुकानदार ती घ्यायला तयार होता. आप्पा म्हणाले, घरी न्यायची. डिकीत दोन मावली. उरलेली ठेवायला मागची सीटच होती आणि तिथं आई येणार होती. आप्पांनी आत ठेवलेली दोन्ही बाहेर काढली, उरलेल्या दोन चाकांशेजारी भिंतीला हळूच टेकवून उभी केली आणि मागं न बघता गाडीत बसले.

आईला धरून आणलं तेव्हा ती दारापाशी थांबली. तिनं खाली पाहिलं.

"त्याची चाकं कुठं हायेत?"

"मागनं न्यायचीत. सांगून ठिवलंय," आप्पा म्हणाले.

"नीट झाकून ठिवा," ती म्हणाली आणि आडवी झाली.

इमामपूरचा घाट आला, खड्डे आले. गाडी कुठंच घासली नाही. आई घोडेगावपर्यंत गाढ झोपली. आप्पा काचेबाहेर बघत होते.

नंतर तिनं चाकांचं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा आप्पांनी, येतील, असंच सांगितलं. ती दुकानदारालाच सोडून आलो, हे मीही तिला सांगितलं नाही. पावसाळा सरता सरता आई गेली.

आता गाडी मी शाळेला नेते. आप्पा तिच्यात बसत नाहीत. परवा त्यांना डोळे दाखवायला नगरला जायचं होतं. मी म्हटलं, "आप्पा, मी सोडते की."

"न्हाई गं, यश्टीनं जातो," चपला घालत ते म्हणाले. "तिथं मानसं तरी असत्यात."