मिठाच्या लादीपर्यंत

कल्पना करा, डोळ्यांवर नाइट व्हिजन गॉगल आहे. समोरचा काळोख हिरवा होऊन उजळलाय. आता बंदुकीवरच्या दुर्बिणीतून नेम धरा. बंदुकीला गाल टेकवायला जाल, तर गॉगलचं नळकांडं दुर्बिणीवर आपटेल. मान वाकडी करून चित्र मिळालंच, तर दुर्बिणीतला लाल ठिपका टोमॅटोएवढा फुगलेला दिसेल.

माझ्या वहिनींना हे जमवायचंच होतं. त्या जंगलखात्यात जनावरांच्या डॉक्टर. त्यांची बंदूक भुलीची सुई मारते. एका हरणाच्या गळ्यात कुंपणाची तार रुतली होती. ते उजेडात बाहेर पडत नव्हतं आणि टॉर्च दिसला की पसार. तार निघाली नाही तर गळा कापला जाणार. सुई मानेत बसली तरी जीव जाणार. बसायला हवी मांडीत.

"घरातली लाइट गेली तर हिला स्वतःची चप्पल सापडत नाही," दादा म्हणाला.

"म्हणून तर तुमची घालून जाते," वहिनी म्हणाल्या.

खात्याच्या फिटरकडून त्यांनी दुर्बिणीखाली लोखंडी बैठक बसवून घेतली. दुर्बीण दोन बोटं वर आली, मान ताठ राहिली. ठिपका अगदी मंद केला. भर दुपारी गोदामाचं शटर ओढून सराव सुरू झाला, तर सुई दर वेळी नेमाच्या खाली. गॉगलच फसवतोय, असं सगळ्यांचं मत पडलं. वहिनींनी गॉगल काढला, दिवा लावला, पुन्हा मारली. तरी खालीच. म्हणजे गॉगल बिचारा निर्दोष! दुर्बीण वर सरकली होती, बंदुकीची नळी मात्र जागच्या जागी होती. स्क्रू फिरवून त्यांनी नेम जुळवला.

पण तो सरावातल्या अंतरावरच खरा. हिरव्या चित्रात जवळ-लांब कळत नाही. म्हणून वहिनींनी दिवसाच टेप लावून नेमक्या तेवढ्या अंतरावर मिठाची लादी ठेवली. हरीण चाटायला येईल ती जागा ठरलेली.

अंधार पडल्यावर हरीण आलं, पण लादीपर्यंत पोचायच्या आधीच थबकलं आणि थेट वहिनींकडे पाहू लागलं. शेजारचा चौकीदार कुजबुजला, "मॅडम, मारा, जाईल ते." वहिनींनी बोट हलवलं नाही. हरणाचा जीव, हातात एकच संधी, आणि ही बाई दगडासारखी बसून. शेवटी ते पुढे आलं, लादीला जीभ लावली. सुई मांडीत बसली.

कापलेली तार आता आमच्या दिवाणखान्यात खिळ्याला टांगली आहे. पाहुण्यांना ती कोण दाखवतं म्हणता? दादाच, आणि तेही चहा यायच्या आधी.

वहिनी मात्र हरणाच्या त्या थबकण्यावरच अडकल्या आहेत. गॉगलच्या काचेतून हिरवा उजेड किंचित आपल्या चेहऱ्यावर सांडतो. परवा भांडी लावता लावता त्यांनी मला विचारलं, "भावजी, तुम्ही इंजिनिअर ना? मग सांगा, त्याला माझा गाल दिसला असेल का?"